तारपा थांबत नाही, कार्ड थांबते

रोलचा कॅमेरा होता तेव्हा छत्तीस फोटोंचा हिशोब घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे असे. लग्नाला वीस, सत्यनारायणाच्या पूजेला चार, उरलेले सहलीला! डिजिटल कॅमेरा आला आणि ही काटकसर संपली. पण रोल गेला तरी त्याची जागा रिकामी राहिली नाही. तिथे नखाएवढे नाही तर फार तर टपाल तिकिटाएवढे एक कार्ड येऊन बसले. कॅमेरा घेताना आपण चार दुकाने फिरतो, जाणकारांना विचारतो, महिनाभर घरात चर्चा करतो. कार्ड मात्र पैसे देता देता दुकानदार जे पुढे करील ते उचलतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे होते ते इथेच.

या शेपटाची किंमत कळायची असेल तर डहाणू-तलासरीच्या बाजूला जावे. भाताची कापणी झाली की वारली पाड्यांवर तारपा घुमू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून घडलेले हे वाद्य. वादक मध्ये, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी. वारली चित्रांत शंखासारखे वळत जाणारे नर्तकांचे जे वेटोळे आपण पाहतो ते हेच. उजेड बेताचा, पायांखाली धूळ आणि साखळी क्षणाक्षणाला वळणारी. फोटो काढणारा बटण दाबून धरतो. कॅमेरा टिपू लागतो... आणि वेटोळे नेमके घट्ट होते त्या क्षणी तो गप्प होतो. पडद्यावर लहानसा दिवा लुकलुकत राहतो. तारपा चालू असतो, थांबलेले असते ते कार्ड.

हौद आणि तोटी

असे का होते? कॅमेऱ्यात एक तात्पुरता हौद असतो. काढलेले फोटो आधी त्यात पडतात आणि तिथून कार्डावर उतरतात. वरून पाणी धो धो पडत असेल आणि खालची तोटी बारीक असेल, तर हौद भरणारच. समजा, एक कच्चा, म्हणजे प्रक्रिया न केलेला फोटो २५ मेगाबाइटचा आहे. सेकंदाला दहा फोटो निघाले तर २५० मेगाबाइट झाले. हौदात चाळीस फोटो मावतात असे धरले, तर तो भरल्यावर १,००० मेगाबाइट उतरवायचे असतात. सेकंदाला ३० मेगाबाइट लिहिणाऱ्या कार्डाला त्यासाठी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागेल; ८० मेगाबाइट लिहिणाऱ्याला साडेबारा सेकंद. अर्ध्या मिनिटात तारप्याचे वेटोळे उलगडूनही जाते.

म्हणून कार्ड घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो लिहिण्याच्या वेगाचा. वेष्टनावर ठसठशीत छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. तो घरी आल्यावर संगणकात फोटो उतरवताना कामाचा. फोटो काढताना उपयोगी पडतो तो लिहिण्याचा वेग, आणि तो असलाच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत.

कार्डावरच्या खुणाही वाचायला शिकाव्यात. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड आणले. पुढे त्याच्या वेगाच्या पायऱ्या ठरत गेल्या. गोल 'सी'मध्ये १० असेल तर सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी. 'यू'च्या पोटात १ असेल तरी तेवढीच. ३ असेल तर ३० मेगाबाइटची. 'व्ही ३०', 'व्ही ६०', 'व्ही ९०' यांतला आकडा हीच त्या कार्डाची किमान गती. ही हमी सलग लिहिण्याची असल्यामुळे चित्रफितीसाठी ती फार महत्त्वाची. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाऊ लागली की कॅमेरा मध्येच बंद पडून चालत नाही.

चित्रफितीच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत १०० मेगाबिट लिहिलेले असते आणि कार्डावर मेगाबाइट. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच. त्याला 'व्ही ३०' कार्ड भरपूर झाले. तासाला सुमारे ४५ गिगाबाइट लागतील, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डात सव्वा तास आरामात मावेल. लग्नाच्या पाड्यावर जाण्यापूर्वी एवढा गुणाकार कागदावर करून ठेवलेला बरा.

महागाचा मोह

मग सर्वांत महाग तेच घ्यावे काय? मुळीच नाही. चारोटी नाक्यावरून तलासरीकडे महामार्गाने भरधाव जाणारी गाडी आतल्या पाड्याच्या रस्त्याला लागली की बैलगाडीच्या मागे निमूटपणे चालते. कार्डाचेही तसेच आहे. काही कार्डांच्या पाठीवर धातूच्या पट्ट्यांची जास्तीची रांग असते आणि पुढे रोमन दोनचा आकडा. ही यूएचएस-दोन जात. तिच्या मार्गाची कमाल मर्यादा सेकंदाला ३१२ मेगाबाइट, तर यूएचएस-एकची १०४. पण कॅमेऱ्यात ती दुसरी रांग वाचण्याची सोयच नसेल, तर महागडे कार्ड जुन्याच वाटेने चालते. ३२ गिगाबाइटपर्यंतच चालणारे जुने कॅमेरेही घरोघरी आहेत. त्यांत ६४चे कार्ड घातले तर ते ओळखलेच जाण्याची खात्री नाही. तेव्हा आधी कॅमेऱ्याची पुस्तिका वाचावी, मग दुकानाची पायरी चढावी. बोर्डीच्या किनाऱ्यावर मुलांचे फोटो काढायचे असतील तर साधे 'यू ३' कार्डही पुरून उरते.

मोहाची दुसरी बाजू स्वस्ताईची. नकली कार्डात खरी जागा ८ गिगाबाइटची असते, पण आतली चिप फसवून तिच्याकडून १२८ वदवून घेतलेले असते. सुरुवातीला सारे सुरळीत चालते. खरी जागा संपल्यावर नवे फोटो जुन्यांवर चढतात किंवा हरवतात, आणि ते कळते कार्यक्रम संपल्यानंतर! यावर उपाय सोपा आहे. नवे कार्ड संगणकावर काठोकाठ भरून सगळे परत वाचून पाहावे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यूसारखे मोफत प्रोग्राम हेच काम करतात. पावती जपून ठेवावी.

वेगापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. एका मोठ्या कार्डावर सगळा सोहळा ठेवण्यापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. दोन कार्डांची सोय असलेला कॅमेरा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद करावी. फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे काहीही लिहू नये. पुसलेला मजकूर नव्याने झाकला जाईपर्यंत बहुधा परत मिळवता येतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत कार्ड उघडे न ठेवता डबीत ठेवावे. घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवावेत आणि मगच कॅमेऱ्यातूनच कार्ड फॉरमॅट करावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक रेखतात, तो टिकण्यासाठी नसतोच. पालघट देवीची ती पूजा असते, पुढे पावसाळ्यात पीठ झडते, भिंत पुन्हा सारवली जाते. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या भागात आले, कागद पाड्यांवर पोचला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेघ जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. पण कागदावर न उतरलेले कितीतरी अजून पाड्यावरच आहे. म्हाताऱ्या वादकाची बोटे, धवलेरीचा आवाज, चैत्री पौर्णिमेपासून भरणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा. आज ते टिपणारी मुले त्याच पाड्यांवरची आहेत, त्यांच्या हाती कॅमेरा आहे. बाहेरून येणाऱ्याने मात्र आधी परवानगी विचारावी, आणि नंतर एक छापील प्रत त्या घरी पोचवावी.

येत्या सुगीला तिकडे जाणार असाल, तर निघण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. कॅमेऱ्यात कार्ड घाला, बटण दाबून धरा आणि किती फोटोंनंतर तो अडखळतो ते मोजा. मग दिवा विझेपर्यंतचे सेकंद मोजा. दुकानात जाताना हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. वेष्टनावरच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा ते तुम्हाला जास्त सांगतील.