द्राक्ष निर्यात : कस्टमची नोंदणी छाटणीआधीच पूर्ण करा

निर्यातीचा विषय निघाला की आपली चर्चा मण्यांचा आकार, साखर आणि औषधांचा अंश यांवरच थांबते. ते योग्यही आहे. पण माल उत्तम असूनही कंटेनर बंदरात अडकतो आणि कारण निघते एखादी राहून गेलेली नोंदणी. शीतकंटेनरमधील द्राक्षे कागद पूर्ण होईपर्यंत वाट पाहत नाहीत. प्रत्येक दिवसाला बंदराचे भाडे वाढते, देठ सुकतात आणि खरेदीदार भाव पाडतो.

ही नोंदणी कोणाला लागते?

तुम्ही निर्यातदाराला माल विकत असाल, तर कस्टमची नोंदणी त्याची असते. तुमच्याकडून युरोपसाठी प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी (ग्रेपनेट), फवारणीच्या नोंदी आणि अंश तपासणी एवढे लागते. मात्र शेतकरी उत्पादक कंपनी, गट किंवा स्वतः शेतकरी आपल्या नावाने माल बाहेर पाठवणार असेल, तर पुढील सर्व टप्पे लागू होतात.

१. आयईसी (आयात-निर्यात कोड)

हा पहिला दरवाजा. विदेश व्यापार महासंचालनालय (डीजीएफटी) तो देते. क्रमांक १० अंकी-अक्षरी असतो आणि नव्या नोंदणीत पॅन हाच आयईसी असतो. अर्ज ऑनलाइन होतो, शासकीय शुल्क ५०० रुपये आहे. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश किंवा बँकेचे प्रमाणपत्र, मोबाइल आणि ई-मेल एवढे पुरते. शासकीय वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात. अर्ज डीजीएफटीच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा.

आयईसीला मुदत नसते, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन तपासून कायम करावी लागते. काहीही बदल नसला तरी हे करावेच लागते. न केल्यास कोड निष्क्रिय होतो. द्राक्षाचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो आणि नेमके हेच काम विसरले जाते; पुढच्या जानेवारीत ते लक्षात येते.

२. बँकेचा एडी कोड

परदेशी चलनाचे व्यवहार करणारी तुमची बँक शाखा एडी कोडचे पत्र देते. हा कोड कस्टमच्या आइसगेट प्रणालीत नोंदवावा लागतो. तो नसेल तर शिपिंग बिल तयार होत नाही आणि शिपिंग बिलाशिवाय माल देशाबाहेर जात नाही. न्हावा शेवाहून माल पाठवणार असाल, तर तुमची नोंद तिथे दिसते का, हे कस्टम ब्रोकरकडून आधीच पाहून घ्या. शासकीय लाभाची रक्कम ज्या खात्यात हवी, त्याचीही नोंद याच वेळी करा.

३. अपेडा, जीएसटी आणि पॅकहाउस

ताज्या फळांसाठी अपेडाची नोंदणी (आरसीएमसी) घ्या. जीएसटी क्रमांक असेल आणि कर न भरता निर्यात करायची असेल, तर हमीपत्र (एलयूटी) दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरा. हंगाम मार्चअखेर ओलांडत असल्याने एप्रिलच्या मालाला नव्या वर्षाचे हमीपत्र लागते. पॅकहाउसवरच कंटेनर भरून सील करायचा असेल, तर त्या जागेसाठी कस्टमची सेल्फ-सीलिंग परवानगी हवी.

४. खरेदीदाराची बाजू

युरोपीय संघात माल आयात करणाऱ्याकडे ईओआरआय क्रमांक असावा लागतो. त्याची सुरुवात देशाच्या अक्षरांनी होते, नेदरलँड्ससाठी ‘एनएल’. ब्रिटन वेगळे झाल्यापासून, १ जानेवारी २०२१ पासून, तिथे ‘जीबी’ने सुरू होणारा क्रमांक लागतो; युरोपचा क्रमांक चालत नाही. सौदा ठरतानाच हा क्रमांक मागा. युरोपीय आयोगाच्या आणि ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळांवर तो खरा आहे का, हे पाहता येते.

‘सर्व शुल्क भरून दारात पोच’ अशी अट मान्य करताना मात्र सावध राहा. मग तिकडची आयात तुमच्या नावावर येते आणि तिथल्या कस्टमची नोंदणी व स्थानिक प्रतिनिधी ही जबाबदारीही तुमची होते. पहिल्या वर्षी ही अट टाळलेली बरी.

नावातील एका शब्दाची किंमत

सर्वांत जास्त अडचण होते ती नावांच्या फरकाने. पॅनवर ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’, बँकेत संक्षिप्त नाव, अपेडाकडे जुना पत्ता. पॅन, आयईसी, बँक खाते, अपेडा, जीएसटी हे सर्व कागद एका टेबलावर ठेवा आणि नाव, पत्ता, अधिकृत सही अक्षरशः जुळवा. तासाभराचे काम आहे.

कांदा उत्पादकांसाठी

८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी लागू झाली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान मूल्यासह. हे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले. धोरण रातोरात बदलते आणि खिडकी उघडते तेव्हा ज्याची नोंदणी तयार असते, त्याचाच माल आधी निघतो. शिपिंग बिल भरण्याच्या दिवशी डीजीएफटीची ताजी अधिसूचना जरूर पाहा.

वेळापत्रक

- एप्रिल ते जून : आयईसीची वार्षिक माहिती कायम करणे
- जुलै ते सप्टेंबर : एडी कोड, अपेडा, नावांची जुळणी, कस्टम ब्रोकरची निवड
- ऑक्टोबर छाटणीनंतर : प्लॉट नोंदणी, फवारणीच्या नोंदी
- काढणीपूर्वी : अंश तपासणी, खरेदीदाराचा ईओआरआय क्रमांक
- माल निघताना : वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, शिपिंग बिल

विस्तार कार्यकर्त्यांनी छाटणीपूर्व मेळाव्यात खत-औषधांसोबत या यादीलाही अर्धा तास द्यावा. बागेत वर्षभर केलेली मेहनत बंदराच्या फाटकावर अडू नये, एवढी काळजी आपल्या हातात आहे.