'कृत्रिम सूर्या'ची वीज आपल्या मोटारीपर्यंत कधी? गांधीनगरचा आराखडा काय सांगतो

नंदुरबार : कृत्रिम सूर्य तयार झाला, आता वीज फुकटात मिळणार, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकून बरं वाटतं. पण खरं काय, ते समजून घेऊ.

काकरापारपेक्षा वेगळं काय?

नवापूरच्या पलीकडे, गुजरातमध्ये व्याऱ्याजवळ काकरापार अणुवीज प्रकल्प आहे. तिथे युरेनियमचे जड अणू फोडून उष्णता काढतात. सूर्यात उलटं घडतं. हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि उष्णता बाहेर पडते. यालाच फ्युजन म्हणतात. पुढचं काम सारखंच : उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने वीज.

अडचण कुठे आहे?

अणू मिसळायला १० कोटी अंशांच्या वर तापमान लागतं. सूर्याच्या पोटातही दीड कोटी अंशच असतं. एवढा तापलेला वायू कोणत्याच भांड्यात मावणार नाही, म्हणून मोठ्या चुंबकांच्या जोरावर तो भिंतीला न लागू देता अधांतरी फिरवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून 'आदित्य' हा टोकामॅक आहे. तिथल्याच 'एसएसटी-१' यंत्रात हा वायू साधारण ६५० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकला. फ्रान्सच्या एका यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो २२ मिनिटं टिकवला. पण वीज हवी तर भट्टी दिवसरात्र चालली पाहिजे, आणि तापवायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा परत मिळाली पाहिजे.

तापीकाठचा हातभार

प्रकाशा, सारंगखेड्यावरून जाणारी तापी जिथे समुद्राला मिळते, त्या हजिऱ्याच्या कारखान्यात फ्रान्समधल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या अवाढव्य थर्मासचे भाग तयार झाले. वजन सुमारे ३,८५० टन. भारत या प्रकल्पात भागीदार आहे. मात्र इटरही वीज बनवणार नाही, ते फक्त प्रयोगासाठी आहे.

आराखड्यात काय आहे?

२०२५ मध्ये गांधीनगरच्या शास्त्रज्ञांनी पुढचा प्रस्ताव मांडला. आधी 'एसएसटी-भारत' : १३० मेगावॅट, त्यातले १०० मेगावॅट अणू फोडूनच. अंदाजे खर्च २५ हजार कोटी रुपये. त्यानंतर २०६० पर्यंत २५० मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प. काकरापारच्या नव्या दोन संचांपैकी एकेकच ७०० मेगावॅटचा आहे.

प्रात्यक्षिक म्हणजे कृषी विभागाच्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखंच. पीक येतं का, खर्च परवडतो का, ते आधी बघायचं. बाजारात माल नंतर.

म्हणजे आज पाचवीत असलेलं पोर पंचेचाळीशीला येईल, तेव्हा कुठे हा पहिला प्लॉट उभा राहील, तोही सगळं वेळेवर झालं तर. फ्युजनची वीज आज जगात कुठेच ग्रिडला मिळत नाही. त्यामुळे या नावाने कोणी नोंदणीचे पैसे मागितले तर देऊ नका, आणि सौर पंपाचा अर्ज भरायचा असेल तर त्यासाठी थांबू नका.