पुण्याच्या भरभराटीची विशेषणं

फ्लॅटच्या जाहिरातीत पुणं ‘थ्रायव्हिंग’ असतं, उद्योग पुरवणीत ‘बूमिंग’ आणि पेशवाईचा विषय निघाला की ‘गोल्डन’. मराठी बोलतानाही ही इंग्रजी विशेषणं आपण बिनदिक्कत वापरतो. ती अगदीच खोटी नाहीत. पण पैसा आला कुठून आणि गेला कुणाच्या घरात, हे त्यांतून कळत नाही. म्हणूनच काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : पेशवाई म्हणजे पुण्याचं ‘गोल्डन एज’, तिजोरी सदा भरलेली.

वस्तुस्थिती : शहर वाढत होतं, हे खरं. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून नळानं पाणी आलं, गावात हौद झाले. माधवरावांच्या काळात सदाशिव पेठ वसली. तिजोरीची गोष्ट मात्र वेगळी. पहिले बाजीराव सावकारांच्या तगाद्यानं किती जेरीस आले होते, ते त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत दिसतं. १७७२ मध्ये मृत्यूच्या छायेत असताना माधवरावांनी जी कलमं लिहवून घेतली, त्यांत कर्जफेडीचं कलम होतं. उत्पन्नाचा मोठा भाग चौथ-सरदेशमुखीचा, म्हणजे दूरच्या मुलखातून यायचा. मोहिमेचा खर्च आधी, वसुली मागाहून; मधली तोंडमिळवणी सावकार करत. हा काळ सलगही नव्हता. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पाठोपाठ दुष्काळ आला.

गैरसमज : ‘ऑक्सफर्ड ऑफ द ईस्ट’ हे नाव विद्यापीठानं मिळवून दिलं.

वस्तुस्थिती : पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधी पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि शिक्षणाची घडी कधीच बसली होती. पेशवे श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजी अमलात त्या रकमेतला काही भाग वळवला गेला आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. डेक्कन कॉलेजचं मूळ तिथलं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ मध्ये फर्ग्युसन. विद्यापीठ आलं ते या सगळ्यानंतर.

गैरसमज : शहर ‘प्रॉस्परस’ दिसलं, म्हणजे मुलूख सुखात आहे.

वस्तुस्थिती : याला पुण्यातच भर मेजवानीत उत्तर मिळालं होतं. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रित दागदागिने घालून नटून आले. जोतिराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले. या झगमगाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी रयत खेड्यांत आहे, ते राणीच्या कानी घाला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बोलणारा माणूस स्वतः कंगाल नव्हता. त्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली होती, मांजरीला त्यांची शेती होती. शहरात पैसा कसा फिरतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. शेतकऱ्याची विपन्नावस्था त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तपशीलवार मांडली होती. त्याआधी मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले होते, आणि १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ तर त्यानंतर लगेचच पडला.

गैरसमज : पुणं होतं पेन्शनरांचं, पैसा आणला आयटीनं.

वस्तुस्थिती : रेल्वे पुण्यात आली १८५८ मध्ये, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, स्टेशनजवळची राजा बहादूर मिल १८९३ ची. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात औद्योगिक परिषद भरवत होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज. आयटी आलं ते या पायावर. आणखी एक गंमत म्हणजे ‘पुण्याची’ ही भरभराट बरीचशी पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर झाली. हिंजवडीचं आयटी पार्क त्या हद्दीत नाही. पिंपरी-चिंचवडला १९८२ पासून वेगळी महापालिका आहे. ‘आशियातली सर्वांत श्रीमंत’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. त्यामागे कारखान्यांच्या मालावरची जकात होती. २०१३ मध्ये ती जकातही गेली.

गैरसमज : शहर ‘बूमिंग’ असलं की फायदा आपोआप खालपर्यंत पोचतो.

वस्तुस्थिती : बाजार वाढला तरी पोती वाहणाऱ्याची मजुरी आपसूक वाढत नाही. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, ती याच कारणानं. १९९३ मध्ये कचरावेचक ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ म्हणून एकत्र आले. पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. शहराच्या वाढीतला वाटा या लोकांकडे चालत आला नाही. संघटना बांधून, दर ठरवून, करार करून तो घ्यावा लागला.