काटा खरा होता

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाकडून टिक्-टिक् असा बारीक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की विरून जायचा. महिनाभर मी त्याकडे कानाडोळा केला. मग कारंज्याच्या बाजारात गर्दीत थांबलं की गाडी थरथरू लागली, ॲव्हरेज पडलं, मागून कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला आणि एक दिवस मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

गाडी 2014 सालची, एमएच 12 पासिंगची. पुण्यात वापरून झाल्यावर सेकंड हँड म्हणून ती आमच्या गावी, कामरगावला आली. आमच्या जिल्ह्याच्या एमएच 37 च्या पाट्यांमध्ये अशा पुण्या-मुंबईच्या पाट्या सहज दिसतात. दूरच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पडद्यावर पी 0171, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, हा कोड आला आणि निकाल मिळाला, “ऑक्सिजन सेन्सर गेला.” काही हजार रुपये मोजून मी नवा सेन्सर बसवला. कोड पुसला. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

शेवटी गाडी गावातल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कोड वाचला आणि म्हणाले, “सेन्सरले कायले दोष देता भाऊ? तो तर दिसते तेच सांगून रायला.” त्या एका वाक्यामुळे मी या यंत्राकडे नीट पाहायला शिकलो.

ऑक्सिजन सेन्सर दिसायला स्पार्क प्लगचाच भाऊ. धूर जिथून बाहेर पडतो त्या एक्झॉस्टच्या वाटेवर तो आट्यांनी घट्ट बसलेला असतो, मागे बहुधा चार वायरी. पोटात झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकची टोपी असते. टोपीच्या एका अंगाला बाहेरची स्वच्छ हवा, दुसऱ्या अंगाला इंजिनाचा धूर. सुमारे 300 अंशांच्या वर तापल्यावर या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार व्होल्टेज तयार होतं. या व्होल्टेजचं गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी 1889 मध्येच मांडलं होतं. बॉश कंपनीने 1976 मध्ये त्यावर चालणारा सेन्सर गाडीत आणला. अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांना तो प्रथम लागला.

त्याचं काम थोडक्यात असं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि सेन्सर 0.9 व्होल्टच्या आसपास दाखवतो. हवा जास्त झाली तर तो 0.1 पर्यंत उतरतो. इंजिनाचा कॉम्प्युटर हे वाचून इंजेक्टरला क्षणोक्षणी सांगतो, थोडं कमी कर, थोडं वाढव. म्हणून निरोगी गाडीत हा आकडा एका जागी ठरत नाही, सतत वर-खाली झुलतो. हा झोका हवाच. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही विषारी वायू एकाच वेळी निरुपद्रवी करू शकतो, पण फक्त या 14.7 च्या अगदी जवळ.

आपल्या देशात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं या सेन्सरला आणि कन्व्हर्टरला मारून टाकतं. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. प्रदूषणाचे बीएस-4 नियम 2010 मध्ये आले तेव्हा महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर हीच शहरं त्या यादीत होती. ते देशभर लागू व्हायला 2017 उजाडलं. दोष ओळखून कोड साठवणारी ओबीडी व्यवस्था याच बीएस-4 बरोबर आली. आमच्या गाडीचा पिवळा दिवा असा पुण्याच्या नियमांतून कामरगावात पोहोचला होता.

मिस्त्रींनी आधी सेन्सरची परीक्षा घेतली. इंजिन चांगलं तापवून एकदम रेस दिली, व्होल्टेज 0.8 च्या वर गेलं. ॲक्सिलरेटर सोडताच शून्याच्या जवळ आलं. कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीन मोजायला नेणाऱ्या कुणालाही ही रीत पटेल. माल कमी भरला म्हणून आपण काटा फेकून देत नाही; त्यावर आधी प्रमाणित वजन ठेवून पाहतो. आमचा काटा खरा होता.

मग त्यांनी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कापतो, ते हा आकडा सांगतो. आयडलिंगला तो वीस टक्क्यांच्या वर होता. इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर नेलं की पाचावर उतरत होता. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलट दिसलं असतं. मागणी वाढेल तसा आकडा चढला असता. त्यानंतर प्लग काढले. चारही प्लग काजळीने काळे.

“पाहा,” मिस्त्री म्हणाले, “सेन्सर म्हणते पेट्रोल कमी हाय, प्लग म्हणते लय झालं. दोघंही खोटे नाही. हवा बाहेरून येऊन रायली.”

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर ओलं फडकं दाबलं आणि टिक्-टिक् मोठी झाली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कोपऱ्यात काळी रेघ उमटलेली होती. तिथून धूर निसटत होता. धूर सलग वाहत नाही, हिसक्या-हिसक्याने येतो, आणि दोन हिसक्यांच्या मधल्या पोकळीत त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसला, कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवलं, प्लग काळे पडून ठिणगी चुकू लागली, म्हणजे मिसिंग सुरू झालं. मिसिंगमध्ये न वापरला गेलेला ऑक्सिजनही धुरात उतरतो, म्हणून सेन्सर आणखी हवा दाखवू लागला. जास्त रेसवर धुराचा लोट मोठा, त्यात ती चोरटी हवा नगण्य. म्हणून रस्त्यावर गाडी बरी वाटत होती. लोखंड तापून फुगलं की फट आवळायची, म्हणून आवाज विरायचा. ज्या आवाजाकडे मी महिनाभर दुर्लक्ष केलं, सगळं उत्तर त्यातच होतं.

हा सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की निम्म्या चुका टळतात. पी 0171 सोबत पी 0301 सारखा मिसिंगचा कोड असेल तर आधी प्लग आणि कॉइल पाहावी. पी 0135 आला तर सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. तिथे फ्यूज आणि वायरिंग आधी तपासावं, कारण खेड्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. पी 0133 म्हणजे सेन्सर मंदावला. वय झालेल्या, इंजिनात जळणाऱ्या तेलाचा किंवा चुकीच्या सिलिकॉन सीलंटचा धूर खाल्लेल्या सेन्सरचं हे लक्षण, आणि इथे मात्र तो बदलणं योग्य. अनेक सेन्सर तुलनेसाठीची स्वच्छ हवा वायरीच्या आवरणातूनच घेतात, म्हणून त्यांच्या वायरीला डाग देऊन जोडू नये.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनाला सात-आठ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं. जुन्या इंजेक्शन गाडीत हा फरक हाच सेन्सर कॉम्प्युटरच्या लक्षात आणून देतो. पण आधीच कुठे हवा घुसत असेल, तर भरपाईची मर्यादा लवकर संपते आणि दिवा लागतो.

नवं गॅस्केट बसलं, प्लग साफ झाले, कोड पुसला. कारंज्याला जाऊन आलो तेव्हा आयडलिंगचा ट्रिम तीन टक्क्यांवर होता. नव्या सेन्सरच्या मानाने गॅस्केटला लागलेला पैसा अगदीच किरकोळ. मला हळहळ पैशांची वाटली नाही. चांगल्या यंत्रावर खोटेपणाचा ठपका आला, याची वाटली.

काढून टाकलेला जुना सेन्सर डिकीत पडून होता. मिस्त्रींनी तो मागितला, गाडीला लावून पाहिला. आकडा 0.1 ते 0.9 असा बिनचूक झुलला. मी तो त्यांच्याकडेच ठेवला. एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या नियमांमुळे मोटरसायकलींच्या सायलेन्सरवरही हे सेन्सर दिसू लागले आहेत आणि गावातली पोरं त्या घेऊन मिस्त्रींच्या दारात येतात. मिस्त्री पेटीतून तो जुना सेन्सर काढतात, शिकाऊ पोराच्या हातात देतात आणि मल्टिमीटर लावायला सांगतात. नव्या मालावर बोलण्याआधी प्रमाणित वजन कसं असतं, ते त्याला दाखवतात.