जसा बर्फ, तशी फळी

स्नोबोर्ड दुरून पाहिला तर रंगवलेल्या फळीपलीकडे त्यात काही दिसत नाही. लांबी साधारण दीड मीटर, मधोमध रुंदी वीतभराहून जरा जास्त. पण तो आडवा धरून कडेवरून नजर फिरवली, की त्यातली एकही रेघ उगाच ओढलेली नाही हे कळतं. त्याचं प्रत्येक वळण कुठल्या ना कुठल्या बर्फासाठी दिलेलं असतं.

सुरुवात खेळण्यापासून झाली. १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की शेजारीशेजारी जोडल्या. ‘स्नर्फर’ या नावाने ते खेळणं भरपूर खपलं. पुढच्या दशकात ही कल्पना दोन निराळ्या बर्फांवर वाढली. यूटामधल्या कोरड्या, खोल बर्फासाठी दिमित्रिये मिलोविच यांनी मागे खाच देऊन दुभंगलेली ‘विंटरस्टिक’ घडवली. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७मध्ये व्हरमाँटमध्ये स्नोबोर्डची कंपनी काढली. तिथला बर्फ बरेचदा गोठून टणक झालेला असतो. १९८३मध्ये तिथल्या स्ट्रॅटन माउंटन या स्की केंद्राने स्नोबोर्डला आपल्या उतारांवर येऊ दिलं. यंत्राने दाबून सपाट केलेल्या अशा उतारावर नुसतं लाकूड घसरतं. म्हणून कडेला पोलादी पट्टी आली.

आजच्या बोर्डाच्या पोटात लाकूड असतं, त्याच्या वर-खाली फायबरग्लासचे थर आणि तळाला पॉलिथिलिन. मात्र स्वभाव ठरतो तो आकारावर. बोर्डाची कंबर दोन्ही टोकांपेक्षा बारीक असते. ही आत गेलेली कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या बहुतेक बोर्डांत सात ते नऊ मीटर भरते. बोर्ड कुशीवर कलला, की तो वाकतो आणि ती कड बर्फात कमान कोरत जाते. आठ मीटर त्रिज्येचा बोर्ड साठ अंशांत कलवला, तर टणक बर्फावर वळणाची त्रिज्या साधारण चार मीटरवर येते. म्हणजे वळण किती आवळायचं हे स्वाराच्या हातात राहतं, पण त्याची मर्यादा कारखान्यात ठरलेली असते.

दुसरी गोष्ट तळाची. जुन्या पद्धतीचा बोर्ड जमिनीवर ठेवला तर मध्यभाग किंचित वर उचललेला दिसतो. याला कॅम्बर म्हणतात. स्वार उभा राहिला की ट्रकच्या कमानपाट्यासारखा तो दबतो आणि भार टोकांपर्यंत पोचवतो. त्यामुळे जवळजवळ सगळी कड बर्फाला चावते. टणक उतारावर हीच पकड जीव सांभाळते. रॉकरमध्ये उलटं असतं. टोकं वर वळलेली, भार पायांमधल्या भागावर. असा बोर्ड सहज फिरतो, नवशिक्याची कड अचानक रुतून तो तोंडावर आपटण्याचा धोका कमी होतो. पण गोठलेल्या पट्ट्यावर तो निसटतो. हल्ली बरेच बोर्ड या दोहोंची सांगड घालतात.

खोल, ताज्या बर्फात पकडीला अर्थ नसतो. तिथे तरंगावं लागतं. म्हणून पुढचं टोक लांब-रुंद, शेपूट अरुंद आणि पाय मागे सरकवलेले असतात. शेपूट थोडी बुडते, टोक आपसूक वर येतं आणि मागच्या पायाला सतत जोर लावावा लागत नाही. सैबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलून होक्काइदोवर असाच खोल बर्फ ओततात. तिथल्या निसेकोत तारो तामाई यांच्या ‘जेंटेमस्टिक’ या बोर्ड कंपनीने हा आकार एखाद्या कारागिरीसारखा जोपासला आहे.

वसंतातल्या ओल्या बर्फात पाणी तळाला चिकटून बोर्ड ओढून धरतं. अशा वेळी तळावर जरा जाड रेषा कोरतात, म्हणजे पाण्याला वाट मिळते. कडक थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात, तिथे बारीक रेषा आणि कठीण मेण लागतं.

म्हणूनच ‘सगळ्यात चांगला बोर्ड कुठला’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. प्रत्येक आकार काही देतो आणि त्याची किंमत वसूल करतो. गुलमर्गला जाऊन भाड्याने बोर्ड घेणाऱ्या मराठी पर्यटकालाही हे लागू आहे. खालच्या, तुडवून घट्ट झालेल्या उतारावर शिकायचं असेल तर मऊ, सहज फिरणारा बोर्ड मागावा. गोंडोलाने अफरवतवर जाऊन ताज्या बर्फात उतरण्याइतकी तयारी झाली, की तोच बोर्ड तोकडा पडतो. दुकानदाराने उंची-वजन विचारलं, की आपणही विचारावं: आज वर बर्फ कसा आहे? त्या उत्तरावरूनच बोर्ड निवडावा.