चंद्रावरचे 'अल्बाटेग्नियस' म्हणजे नेमके कोण?

चाँद दिसला की आपला महिना सुरू होतो. पण त्या चाँदचा पहिला नकाशा कुणी काढला, त्यावरच्या डोंगरांना आणि विवरांना नावं कुणी दिली, हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. ते आज पाहू या.

१६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट आणि इटलीत गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्रं काढली. पुढे नकाशे निघाले आणि नावांचा प्रश्न आला. १६४५ मध्ये फान लांग्रेन यांनी राजे-सरदारांची नावं दिली, ती बहुतेक पुसली गेली. १६४७ मध्ये हेवेलियस यांनी पृथ्वीवरच्या डोंगर-समुद्रांची नावं चंद्रावर नेली. त्यातली आल्प्ससारखी थोडीच उरली.

टिकली ती १६५१ ची पद्धत. इटलीतल्या बोलोन्या शहरात रिच्चोली आणि ग्रिमाल्डी या दोन ख्रिस्ती धर्मगुरूंनी नकाशा तयार केला आणि विवरांना विद्वानांची नावं दिली. धर्म कोणता, देश कोणता, हे आड आलं नाही. फक्त नावं लॅटिन वळणाची झाली, म्हणून आपल्याला ती ओळखू येत नाहीत.

'अल्बाटेग्नियस' म्हणजे अल-बत्तानी. रक्का इथे राहून त्यांनी वर्षाची लांबी ३६५ दिवस ५ तास ४६ मिनिटं २४ सेकंद अशी काढली. आजच्या हिशेबात फरक जेमतेम अडीच मिनिटांचा! 'आझोफी' म्हणजे अल-सूफी, 'अल्फ्रागानस' म्हणजे अल-फरगानी, 'अल्मानॉन' म्हणजे बगदादचे खलिफा अल-मामून. 'आर्झाकेल' म्हणजे स्पेनचे अल-झरकाली. त्यांच्या शेजारच्या विवराला अल्फान्सो दहावा या ख्रिस्ती राजाचं नाव आहे, ज्याने अरबी ग्रंथांची भाषांतरं करून घेतली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. अरबी नाव दिसलं की तो माणूस मुसलमानच, असं समजू नये. 'थेबिट' म्हणजे साबित इब्न कुर्रा हे साबियन होते, 'मेसाला' म्हणजे माशाअल्लाह हे यहुदी. बगदादच्या इल्मच्या बाजारात सगळ्यांना जागा होती. आम्हा शिक्षकांना मुलांपर्यंत पोहोचवायचा आहे तो हाच धडा. नुसता "आमचे पूर्वज थोर" असा अभिमान परीक्षेतही उपयोगी पडत नाही आणि आयुष्यातही नाही. ही नावं चंद्रावर गेली ती कुणाच्या मेहरबानीने नाही. या लोकांनी रात्री जागून आकाश मोजलं, हिशेब लिहून ठेवले आणि पुढच्यांना ते कामी आले, म्हणून गेली.

आता नावांना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची मंजुरी लागते. १९७० मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला इब्न सिना, अल-बिरुनी आणि उमर खय्याम यांची नावं लागली.

चांद्र महिन्याच्या सातव्या-आठव्या रात्री छोटी दुर्बीण मिळाली तर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ बघा. मधोमध, थोडं दक्षिणेला, अल-बत्तानींचं विवर दिसेल. मुलांना ते दाखवा, आणि नाव अस्सल उच्चारात सांगा.