चार बाय सहाची हवा

गॅस गीझरला गॅस सिलिंडरमधून मिळतो आणि पाणी टाकीतून. हवा मात्र तो ज्या खोलीत टांगलेला असतो तिथलीच घ्यावी लागते. पहिल्या दोन गोष्टींसाठी पाइप, कॉक, रेग्युलेटर असा सरंजाम असतो. तिसरीसाठी काहीच नसते, त्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ज्योतीवर पंधरा मिनिटे चालला, तर दोनशे ग्रॅमहून थोडा जास्त गॅस जाळतो, म्हणजे अडीच-तीन घनमीटर हवा संपवतो. शहरातल्या फ्लॅटमधली बाथरूम बहुधा चार बाय सहा फुटांची असते. आठ फूट उंची धरली, तर तिच्यात हवा भरते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल, तर एका निवांत आंघोळीत निम्मी हवा ज्योतच घेते आणि उरलेल्या हवेत माणूस श्वास घेत असतो.

हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून खाली येऊ लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून एलपीजीत जो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे ‘वास तर आला नाही’ हा दिलासा इथे काही कामाचा नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते. हवेच्या दहा लाख भागांत याचे १,६०० भाग झाले, तर वीसेक मिनिटांत डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पायांतले बळ आधीच गेलेले असते, म्हणून कडी दोन हातांवर असूनही माणूस तिथवर पोहोचत नाही. बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या, झटके आलेल्या अशा रुग्णांची नोंद भारतातल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा ठीकच दाखवतो.

पुण्यातला गीझर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक तक्रार ऐकण्याआधी विचारतो, “बाथरूम किती बाय किती?” उत्तर ठरलेले, चार बाय सहा. मग कव्हर काढणे, जुन्या टूथब्रशने बर्नर झाडणे, बॅटरीचे सेल बदलणे ही कामे तो बोलता बोलता उरकतो. वेळ लावतो तो पुढच्या गोष्टीला. देवघरातून एक उदबत्ती मागून घेतो, गीझर चालू करून दार बाहेरून ओढून घेतो आणि चक्क फरशीवर गुडघे टेकून उदबत्ती दाराच्या फटीशी धरतो. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो सरळ वर गेला, तर फट नावालाच आहे. बहुतेक घरांत पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराखाली रबराची पट्टी ठोकलेली असते आणि थंडीत खिडकीच्या काचपट्ट्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबलेले असते. “पण एक्झॉस्ट फॅन आहे ना,” असे घरची बाई म्हणते. “वहिनी, पंखा हवा बाहेर टाकतो. आत यायला वाट कुठंय?” त्याचे म्हणणे खरे आहे. वाट बंद असताना पंखा नुसता घरघरतो.

म्हणून झरोके दोन लागतात आणि तेही थेट बाहेर उघडणारे, कायम उघडे. एक खाली, ताजी हवा आत येण्यासाठी. हवेपेक्षा जड असलेला एलपीजी गळलाच, तर तोही त्याच वाटेने निघून जातो. दुसरा छताजवळ, गरम धूर बाहेर जाण्यासाठी. ज्योत निळी हवी. ती पिवळी होऊन लपलपू लागली किंवा कव्हरवर काजळी धरली, तर गीझर बंद करून दुरुस्तीला बोलावावे.

तरी झरोका ही तडजोडच, कारण धुराडे नसल्याने धूर आधी खोलीतच सुटतो. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन यांनी पहिला गीझर बनवला, त्यालाही धुराडे नव्हते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त हवाबंद कक्षाचा, म्हणजे हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा गीझर बसवता येतो. आपल्याकडे मात्र बिनधुराड्याचा गीझर नळाच्या वर, आंघोळ करणाऱ्याच्या डोक्याशी सर्रास टांगतात आणि सूचनेचा कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो.

मेकॅनिकचा सल्ला शेवटी एकच असतो: गीझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा, आत फक्त गरम पाण्याची लाइन आणा. “चार बाय सहात ज्योत नको.” या बदलाला लागतात थोडा पाइप, दोन-चार एल्बो आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. ज्यांचा गीझर अजून आत आहे, त्यांनी तोवर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे.